अठरा चोक

दोन वर्षं आम्ही नाडी फोनवर शिकलो.
मसिस्का मॅडमचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठायचा,
मनगटावर दोन बोटं, तोंड उघडं,
आणि माझा डेटा संपायचा.
पुढचं वाक्य मी तावोंगाच्या वहीतून उतरवायची,
तिनं ते आणखी कुणाच्या तरी.

मग कॉलेज उघडलं.
म्झुझूची जूनमधली थंडी. डोंगरावरचं धुकं
थेट वर्गात येऊन बसलेलं, कारण खिडकीला दोन काचा नव्हत्या.
वीज नव्हती. फळ्यावर जुन्या तुकडीचं यकृत
कुणी पुसलंच नव्हतं.
कोपऱ्यात प्लास्टिकची पेशंट, फिकट गुलाबी, डावा हात गायब,
कुठल्याशा परदेशी रुग्णालयानं देऊन टाकलेली.
बॅटरी होती तेव्हा तिचं हृदय मिनिटाला बहात्तर पडायचं.
ताप आला तरी बहात्तर,
रक्त गेलं तरी बहात्तर.

मॅडमनी वह्या मिटायला लावल्या.
बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला, उताणा,
बाजारात मासा ठेवतात तसा.
"या. एकेक जण. पूर्ण मिनिट.
अंगठा लावू नका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते.
स्वतःलाच तपासून घरी जाल."

माझी बोटं गार होती. आधी काही लागेना,
मग लागलं.
पंधरा सेकंदांत मला लाज वाटू लागली
मोठ्या बाईचा हात असा धरून उभं राहायची.
सोडला. मनातल्या मनात पाढा म्हटला,
अठरा चोक बहात्तर.
लिहिलं: बहात्तर, नियमित.
तावोंगाचे सत्तर, म्झोंदीचे शहात्तर.
नियमित मात्र सगळ्यांचंच.

शेवटी लुसेकेलो. कारोंगाचा, तळ्याकाठचा.
रात्री बेकरीत राबायचा,
सकाळी पापण्यांवर पीठ घेऊन मागच्या बाकावर.
फोनच्या वर्गात तो म्हणजे एक काळा चौकोन,
खाली नाव, आणि बंद माईक.

त्यानं तीन बोटं ठेवली. डोळे मिटले.
झोपला, असं वाटून कुणी फिसकन हसलं.
मिनिट झालं. त्यानं हात सोडला नाही.
दुसरं मिनिट.
पत्र्यावरून एक कावळा चालत गेला,
त्याची पावलं मोजता येतील इतकं शांत.

"माफ करा, मॅडम. मला येत नाहीये बहुतेक.
मोजणी चुकते माझी.
मध्येच एक पायरी नसते.
मग दोन एकदम येतात."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या.
"मोजणी चुकत नाहीये," म्हणाल्या.

काळजाचा ठोका चुकतो
हे मी बोलण्यापुरतं ऐकलं होतं.
इथे तो टेबलावर होता, निळ्या शिरेशेजारी,
आणि मी त्याला हात लावून परत आले होते.

"चार वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, तोंडं पाडू नका.
येईल त्या तुकडीला मी हा हात देते.
सगळे मला नियमित करून जातात."

कुणी खोडरबर शोधलं नाही. पेननं लिहिलं होतं.
न सांगताच पुन्हा रांग लागली.
माझी पाळी आली तेव्हा लुसेकेलोनं
माझी बोटं जरा खाली सरकवली, कणभर.
"दाबू नकोस. थांब फक्त."

ठोका. ठोका. ठोका.
मग नाही.

खोलीत आम्ही सत्तावीस जण
आणि एक न आलेला ठोका.
किती वेळ गेला असेल? पापणी लवायला लागतो तेवढाच.
त्यात मला त्यांचा हात पहिल्यांदा दिसला:
नखाशी खडू, भाजल्याचा जुना डाग,
अंगठी काढल्यावर राहिलेली गोरी रेघ.

मग आला, घाईघाईनं,
उशीर झालेल्या मुलीसारखा.

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.
"येवो," म्हणाल्या.
आमच्या तुम्बुकात आभार मानायला
एवढाच शब्द आहे.

वहीत ते बहात्तर अजून तसंच आहे.
पुढे मी लिहून ठेवलं: पुन्हा पाहणे.

लुसेकेलो तोवर मागच्या बाकावर
खरंच झोपला होता.
कुणी उठवलं नाही.